गाडी शिकताना : शिक्षकाची निवड आणि खर्चाची मांडणी

आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा आणि नोकरी हे विषय दरवर्षी निघतात. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. गेल्या मेळाव्यात भोजनानंतर एका विद्यार्थिनीची आई आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, पोरीला चारचाकी शिकवायची आहे. क्लासवाला म्हणतो, थोडे पैसे जास्त द्या, ट्रायलला यायचीसुद्धा गरज नाही. लायसन्स घरी येईल. देऊ का?" त्या माउलीला आम्ही तेव्हा "देऊ नका" एवढेच उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते. काय करू नये हे सांगणाऱ्याने काय करावे हेही सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेख हे त्या अपुऱ्या उत्तराचे उरलेले अर्धे आहे.

आपल्या समाजात वाहन चालवण्याची विद्या नवी नाही. नवी आहे ती ती शिकण्याची रीत. आमच्या वडिलांच्या पिढीतील अनेकांनी ट्रकवर क्लीनर म्हणून दिवस काढले. काचा पुसणे, चाके बदलणे, उस्तादासाठी चहा आणणे, घाटात चाकाखाली दगड लावणे अशी सेवा दोन-तीन वर्षे झाली की एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हाती देत असे. फी रोखीने नव्हती. ती श्रमाने आणि शिव्या खाऊन फेडावी लागे. आज तीच विद्या पैसे मोजून, एकवीस दिवसांत आणि सन्मानाने मिळू शकते. मात्र पैसे मोजले म्हणजे विद्या मिळालीच असे नाही, म्हणून हा विचार.

आमच्याच वसतिगृहातील एका मित्राची हकिगत त्याच्या अनुमतीने, त्याचे नाव न घेता सांगतो. पदवीनंतर त्याला मालवाहू छोट्या गाडीवर काम मिळण्याची संधी आली. हाती वेळ थोडा होता. एका मध्यस्थाने सर्व काही परस्पर करून दिले. लायसन्स आले, पण गाडी आली नाही. कामाच्या पहिल्याच सकाळी चढावर उभी केलेली गाडी पुढे नेताना ती मागे घरंगळली आणि एका फळविक्रेत्याच्या हातगाडीवर जाऊन आदळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु नुकसानभरपाई त्याच्या खिशातून गेली आणि नोकरी त्याच दिवशी संपली. "क्लच कुठे धरतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं," हे त्याचे वाक्य आम्हांस विसरता येत नाही. मध्यस्थाला दिलेली रक्कम चांगल्या शाळेच्या फीपेक्षा अधिक होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ या दोहोंवर ही सर्व व्यवस्था उभी आहे. चारचाकी किंवा गिअरची दुचाकी चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजे ज्याला आपण 'लर्निंग' किंवा 'कच्चे लायसन्स' म्हणतो, ती काढावी लागते. वाहतुकीची चिन्हे व नियम यांवरील परीक्षेत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ही अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी प्रत्यक्ष चाचणी, म्हणजेच 'ट्रायल', देता येते. थोडक्यात, शिकण्यास घाई करण्याचे कारण नाही आणि फार रेंगाळण्यासही वाव नाही.

लर्निंगवर एकट्याने गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी असावी लागते, आणि गाडी नियंत्रित करता किंवा थांबवता येईल अशा जागी ती बसलेली असावी लागते. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' अक्षराची पाटी लावणे बंधनकारक आहे. या अटी मोडल्या आणि अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यातही अडचण उभी राहते.

पालकांसाठी एक गंभीर सूचना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो; वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ अनुज्ञप्ती मिळत नाही. सुटीत घरी आलेल्या मुलाच्या हौसेखातर दिलेली किल्ली त्याची सात-आठ वर्षे हिरावून घेऊ शकते.

शाळा कशी पारखावी

मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यासाठी परिवहन खात्याचा परवाना लागतो आणि तो पाच वर्षांसाठी असतो. पहिल्या भेटीत भिंतीवर तो परवाना आहे का, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. वसतिगृहात प्रवेश घेताना आपल्या पालकांनी शाळेची मान्यता विचारलीच होती. ही विचारणाही तशीच आहे.

दुसरी गोष्ट गाडी. शिकवण्याच्या गाडीत दुहेरी नियंत्रण असावे लागते, म्हणजे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक व क्लच असतात. ही सोय प्राण वाचवते. तिचा गैरवापर मात्र शिकणाऱ्याचे नुकसान करतो. काही शिक्षक पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत क्लच आणि ब्रेक स्वतःच सांभाळतात. विद्यार्थी केवळ स्टिअरिंग धरून बसतो आणि आपण गाडी चालवत आहोत असा त्याचा समज होतो. याची ओळख सोपी आहे. नवशिक्याच्या पायाखाली गाडी बंद पडतेच. पहिल्या चार-पाच दिवसांत तुमची गाडी एकदाही बंद पडली नसेल, तर ती दुसरेच कोणी चालवत आहे असे समजावे आणि शिक्षकास नम्रपणे म्हणावे, "सर, आज पाय वर घ्या, बंद पडली तर पडू द्या."

तिसरी गोष्ट वेळेची. नियमानुसार खासगी वापराच्या हलक्या वाहनांचे प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी असू नये आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याचा काळ दहा तासांपेक्षा कमी असू नये. शाळेने प्रवेशाची नोंदवही नमुना १४ मध्ये आणि प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद नमुना १५ मध्ये ठेवायची असते. ही नोंद दाखवण्यास जी शाळा तयार असते, ती बहुधा तास पूर्ण देते. याशिवाय आपण स्वतः एक छोटी वही ठेवावी. दिनांक, स्टिअरिंगवर बसल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि त्या दिवशी शिकलेली गोष्ट, एवढे लिहिले तरी पुरे.

चौथी गोष्ट प्रशिक्षण केंद्रांची. २०२१ पासून केंद्र शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली आहे. तेथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा असतो. त्यांपैकी ८ तास वर्गातील आणि २१ तास प्रात्यक्षिकाचे. सिम्युलेटर आणि सरावाचा मार्गही तेथे असतो. असे केंद्र उत्तीर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. ही केंद्रे प्रत्येक तालुक्यात नाहीत आणि खर्चही अधिक असतो. परंतु ज्यास वाहनचालन हा व्यवसाय करायचा आहे, त्याने जवळपास असे केंद्र आहे का याची चौकशी अवश्य करावी.

शिक्षक कसा ओळखावा

शाळा चांगली असली तरी शिकवतो शिक्षक. नियमाप्रमाणे शिक्षकाकडे किमान पाच वर्षांचा वाहन चालवण्याचा अनुभव आणि यंत्रज्ञानाचे प्रमाणपत्र असावे लागते. पण कागद पाहून स्वभाव कळत नाही. म्हणून पूर्ण फी भरण्यापूर्वी एक तास चाचणीदाखल मागावा, भले त्याचे वेगळे पैसे द्यावे लागोत. त्या तासात पुढील गोष्टी पाहाव्यात.

शिक्षक आधी समजावतो की आधी ओरडतो? चूक झाल्यावर स्टिअरिंग हिसकावून घेतो, की गाडी थांबवून चूक कशी झाली ते सांगतो? गाडी सुरू करण्यापूर्वी आसन, आरसे आणि सीटबेल्ट नीट करून घेतो का? शिकवताना स्वतः मोबाइलवर बोलतो का? स्वतः सीटबेल्ट लावतो का? जो सीटबेल्ट न लावता शिकवतो, तो गाडी शिकवत असेल. रस्ता शिकवत नाही.

आम्ही वसतिगृहात असताना गणिताचे एक गुरुजी फळ्यावर चुकलेले गणित पुसू देत नसत. "चूक कुठे झाली तिथे बोट ठेव, मग पूस," असे ते म्हणत. वाहनशिक्षकाकडून नेमकी हीच अपेक्षा आहे.

मुली आणि महिलांच्या बाबतीत आणखी काही. रोज एकच शिक्षक येणार का, मार्ग कोणता, गाडीत आणखी कोण असणार, हे आधी विचारून घ्यावे. महिला शिक्षक उपलब्ध असल्यास विचार करावा. पहिले काही दिवस आई किंवा बहीण मागच्या आसनावर बसणार असेल तर चांगल्या शिक्षकाची त्यास हरकत नसते. अनावश्यक स्पर्श अथवा अनुचित बोलणे झाल्यास तो तास तेथेच थांबवावा, घरी सांगावे आणि उर्वरित फीची पर्वा न करता शाळा बदलावी. २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या प्रवासी बसगाड्याही महिला चालवू लागल्या आहेत. तेव्हा "मुलीला कशाला गाडी?" या प्रश्नाचे उत्तर आता रस्त्यावरच दिसते.

घरातील काका किंवा भावाकडून शिकावे का, असेही विचारले जाते. त्यास कायद्याची मनाई नाही. मात्र घरच्या गाडीत दुहेरी नियंत्रण नसते आणि नवशिक्याच्या पायाखाली क्लचप्लेट लवकर झिजते. आमचा अनुभव असा की, पाया शाळेत घालावा आणि सराव घरच्या माणसासोबत करावा. उलट क्रमाने गेल्यास घरच्यांच्या चुकीच्या सवयीही वारशाने मिळतात.

काय काय शिकले पाहिजे

स्टिअरिंग धरून सरळ रस्त्याने जाणे म्हणजे शिकणे नव्हे. एकवीस दिवसांच्या अखेरीस पुढील गोष्टी शिक्षकाच्या साहाय्याविना जमल्या पाहिजेत : चढावर हँडब्रेक व अर्ध्या क्लचच्या आधारे गाडी मागे न जाऊ देता पुढे नेणे, आरशात पाहून सरळ व वळणावर मागे घेणे, दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावणे, चौकात आणि वर्तुळाकार मार्गावर उजवीकडून येणाऱ्यास वाट देणे, पुढील वाहनापासून अंतर राखणे, ओलांडून जाण्यापूर्वी थांबून विचार करणे. याशिवाय किमान एकदा सायंकाळनंतर, एकदा बाजाराच्या गर्दीत आणि एकदा महामार्गावर तास मागावा. समोरच्या दिव्यांचा झोत आणि वेगाने जाणारे ट्रक यांची प्रथम भेट शिक्षक शेजारी असताना झालेली बरी. बोनेट उघडून ऑइल व पाणी पाहणे आणि चाक बदलणे हे क्लीनरच्या पिढीला येत होते, आपल्यालाही यावे.

खर्चाची मांडणी

आता मुख्य प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी महिन्याचा हिशेब काटेकोर असतो. म्हणून 'फी किती?' एवढेच न विचारता 'एकूण लागणार किती?' असे विचारावे.

प्रथम शासकीय शुल्क. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी वाहनाच्या प्रत्येक प्रकारास १५० रुपये आणि तिच्या परीक्षेसाठी ५० रुपये. पक्क्या लायसन्सच्या चाचणीसाठी प्रत्येक प्रकारास ३०० रुपये आणि लायसन्स देण्यासाठी २०० रुपये. केवळ चारचाकीचा विचार केल्यास हे ७०० रुपये होतात. स्मार्ट कार्ड, टपाल वगैरेचे किरकोळ शुल्क त्यावर. भरण्यापूर्वी 'सारथी' या शासकीय संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. क्लासवाला 'लायसन्सचे' म्हणून काही हजार मागत असेल, तर त्यातील शासनाकडे जाणारी रक्कम किती, हे आता वाचकास कळेल.

दुसरे, शाळेची फी. येथे स्वस्त आणि महाग यांची तुलना तासावर करावी. समजा, पहिली शाळा ४,५०० रुपये घेते आणि दुसरी ६,५००. दोघीही '२१ दिवस, रोज अर्धा तास' असे सांगतात. परंतु पहिल्या शाळेत विद्यार्थ्यांना घरून घेण्या-सोडण्यात आणि पेट्रोल भरण्यात वेळ जाऊन प्रत्येकाच्या वाट्यास पंधराच मिनिटे येतात. म्हणजे २१ दिवसांत सव्वापाच तास. ताशी खर्च सुमारे ८५७ रुपये. दुसरी शाळा अर्धा तास पूर्ण देते. साडेदहा तास, ताशी सुमारे ६१९ रुपये. स्वस्त दिसणारी शाळा महाग पडली, आणि नियमातील दहा तासही पूर्ण झाले नाहीत.

तिसरे, न सांगितले जाणारे खर्च. चाचणीच्या दिवशी शाळेची गाडी वापरण्याचे वेगळे पैसे आहेत का? नापास झाल्यास पुन्हा चाचणीचे ३०० रुपये लागतात. तीनदा नापास झाल्यास अखेरच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. चाचणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी हाही खर्चच होय.

एक नमुना हिशेब मांडतो. आकडे आपल्या गावाप्रमाणे बदलावेत. शासकीय शुल्क ७००. शाळेची फी ६,५००. ताशी ६०० प्रमाणे जादा चार तास २,४००. एका फेरचाचणीची तरतूद ३००. चाचणीसाठी गाडी ६००. प्रवास व बुडालेला रोज १,०००. एकूण ११,५०० रुपये. ज्याने केवळ साडेसहा हजारांची तयारी केली, तो अर्ध्या वाटेत थांबतो आणि मग 'थोडे जास्त देऊन घरपोच' हा मोह त्याच्यापुढे उभा राहतो. त्यापेक्षा आधी दरमहा २,००० रुपये बाजूला ठेवून सहा महिन्यांनी प्रवेश घ्यावा. बचत गटातून कर्ज काढायचे असल्यास ते संपूर्ण हिशेब मांडूनच काढावे. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत त्याच दिवसापासून धावू लागते. म्हणून पैसे जमण्यापूर्वी लर्निंग काढून ठेवू नये.

फी एकरकमी देऊ नये. निम्मी प्रवेशावेळी, पाव दहा दिवसांनी आणि उरलेली तास पूर्ण झाल्यावर असे ठरवून घ्यावे आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. मध्येच शाळा सोडावी लागल्यास काय परत मिळेल, हे पावतीवर लिहून घेतलेले उत्तम.

मध्यस्थाविषयी

अर्ज भरण्यास मदत घेणे गैर नाही. परंतु कोऱ्या अर्जावर सही करू नये. अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा. आधारद्वारे घरबसल्या लर्निंगची परीक्षा देण्याची सोय झाल्यापासून 'तुम्ही फक्त ओटीपी सांगा' असे म्हणणारे भेटतात. ओटीपी सांगणे म्हणजे आपल्या नावाची परीक्षा दुसऱ्यास देऊ देणे. आम्ही या शाळेच्या वर्गांत कधी कॉपी केली नाही असा दावा करणार नाही. पण ती पकडली गेल्यावर गुरुजींनी उत्तरपत्रिका रद्द केली होती, एवढेच आठवते. रस्ता उत्तरपत्रिका रद्द करत नाही. तो किंमत वसूल करतो, आणि कित्येकदा ती किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

व्यवसाय म्हणून वाहन चालवू इच्छिणाऱ्या तरुणांनी हे अधिक लक्षात ठेवावे. मालवाहू किंवा प्रवासी वाहनांच्या लायसन्सच्या अर्जासोबत ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या प्रशिक्षणाचा काळ किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचा काळ किमान १५ तास ठरवून दिला आहे. ते प्रमाणपत्र विकत मिळाले तरी हात विकत मिळत नाहीत.

त्या माउलीस आम्ही हा सर्व तपशील नंतर फोनवर सांगितला. तिने दोन शाळा पाहिल्या, तासांचा हिशेब मांडला आणि थोडी महाग दिसणारी शाळा निवडली. मुलगी पहिल्या ट्रायलमध्ये गाडी मागे घेताना नापास झाली. आई खट्टू झाली होती; मुलगी मात्र म्हणाली, "आई, तीनशे रुपये आपण आधीच धरले होते ना?" दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. यंदाच्या मेळाव्यास ती आईला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत येणार आहे असा निरोप आहे. फाटकाच्या आत गाडी लावण्यास जागा थोडी आहे. ती मागे घेऊन नीट लावील, याची आम्हांस खात्री आहे.